पणजोबा ‘बोर्डात’ होते

आमच्या घरात एक वाक्य चार पिढ्यांपासून चालत आलंय. ‘पणजोबा बोर्डात होते.’ एवढंच. पुढे-मागे काही नाही. लग्नात, बारशाला, गावच्या जत्रेला कुणीतरी ज्येष्ठ माणूस हे वाक्य उच्चारतं, बाकीचे मान डोलावतात आणि विषय पुढे सरकतो.

चार वर्षांपूर्वी मोठ्या काकांनी भावकीची स्मरणिका काढली. त्यात पणजोबांच्या पिवळ्या पडलेल्या फोटोखाली छापलं : ‘जिल्हा लोकल बोर्डाचे सन्माननीय सभासद’. स्मरणिका हातात आल्यावर दहावीतल्या माझ्या चुलतबहिणीने विचारलं, ‘बोर्डात होते म्हणजे? मेरिट लिस्टमध्ये?’ सगळे हसले. मीही हसले. पण नंतर लक्षात आलं की तिचा अर्थ चुकीचा कशावरून आणि काकांचा बरोबर कशावरून, हे मला सांगता येत नव्हतं. दोघांनीही तेच केलं होतं : जुन्या वाक्यातल्या शब्दाला आपल्या ओळखीचा अर्थ चिकटवला होता.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, आता पातळ फिल्म्सवर पीएच.डी. चालू आहे. तुमच्यापैकी बरेच जण सध्या प्रवेश परीक्षेची तयारी करताय किंवा पहिलं लिटरेचर सर्व्हे करायला बसलाय, म्हणून माझी फजिती आधीच सांगून टाकते. पहिल्या वर्षी मी ‘सबस्ट्रेट’ हा शब्द टाकून पेपर शोधले. आमच्या कामात सबस्ट्रेट म्हणजे ज्याच्यावर फिल्म बसवायची ती काच किंवा सिलिकॉनची चकती. यादी भरभक्कम झाली. गाईडनी वर-खाली नजर फिरवली आणि विचारलं, ‘यातले सात-आठ पेपर एन्झाइमचे आहेत, ते कशासाठी?’ जीवरसायनशास्त्रात एन्झाइम ज्या रेणूवर काम करतं त्यालाही सबस्ट्रेटच म्हणतात. शब्द तोच, खोली वेगळी. तेव्हापासून ओळखीच्या शब्दाचीच मला जास्त भीती वाटते. अनोळखी शब्द आला की आपण शब्दकोश उघडतो. ओळखीचा आला की तसेच पुढे जातो.

आणि ‘बोर्ड’इतका ओळखीचा शब्द कुठला? मंगळवार पेठेतला माझा एक दिवस सांगते. सकाळी दूध आणायला निघालं की तालमीबाहेरचा बोर्ड दिसतो. त्यावर खडूने कुणाच्या तरी रक्षाविसर्जनाची वेळ लिहिलेली असते आणि ती वाचल्याशिवाय पेठेतलं माणूस पुढे जात नाही. घरी आई म्हणते, मोबाइलची पिन त्या बोर्डाला लाव. चुलतबहीण ‘यंदा बोर्डाला आहे’. शेजारचे काका दूध संघातलं राजकारण सांगताना म्हणतात, अमका बोर्डावर आहे, तमका बोर्डावरनं गेला. डिपार्टमेंटला गेलं की ज्युनिअर ओरडतो, ताई, बोर्ड मोकळा आहे का. त्याला ब्रेडबोर्ड हवा असतो. संध्याकाळी मिरजकर तिकटीकडून येताना कट्ट्यावर कॅरम चाललेला असतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘एक बोर्ड संपवू, मग जाऊ.’ म्हणजे इथे बोर्ड हा डावही झाला.

हे ऐकताना एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी आहे. इंग्रजीने शब्द एकच दिला, पण मराठीने त्याला विभक्ती लावून अर्थ वेगळे केले. ‘बोर्डाला’ बसतो तो विद्यार्थी, ‘बोर्डावर’ असतो तो संचालक, ‘बोर्डात’ येतो तो गुणवत्ता यादीतला मुलगा. प्रत्यय बदलला की माणसाची पत बदलते. त्यामुळे आमच्या घरच्या वाक्यातला ‘त’ महत्त्वाचा होता आणि आमच्यापैकी कुणीच तिकडे पाहिलं नव्हतं.

आता थोडं मागे जाऊ. बरंच मागे, हजारेक वर्षं.

जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे मुळात फळी. लाकडाची चिरून काढलेली सपाट फळी. पण त्याच काळात तोच उच्चार जहाजाच्या बाजूसाठी, काठासाठीही वापरला जात होता. कोशकार सांगतात की हे मुळात दोन वेगळे जर्मानिक शब्द होते, एक फळीचा आणि एक काठाचा, आणि उच्चार जवळजवळ सारखा असल्याने ते एकमेकांत मिसळून गेले. शिवाय जहाजाची बाजू फळ्यांचीच असते, त्यामुळे बोलणाऱ्यांना वेगळं ठेवायची गरजही वाटली नसावी. आपल्याकडे ‘पाट’ म्हटलं की जेवायला बसायचा पाटही असतो आणि उसाला पाणी नेणारा पाटही. बोलताना आपला कधी घोटाळा होतो का? पण शंभर वर्षांनी कुणी फक्त ‘पाटाजवळ भांडण झालं’ एवढंच वाक्य वाचलं तर?

काठाच्या अर्थाचा शब्द फ्रेंचमध्येही गेला होता, आणि तिथून नव्या कपड्यात इंग्रजीत परत आला. ‘बॉर्डर’ हा त्याच घराण्यातला. म्हणजे साडीचा बॉर्डर आणि तालमीचा बोर्ड यांचं लांबचं नातं निघतं. जहाजावर ‘ऑन बोर्ड’ जाणं, विमानाचा बोर्डिंग पास, हे सगळं या काठाच्या बाजूचं. जहाजाला ‘बोर्ड करणं’ यात सुरुवातीला तिकीट वगैरे नव्हतं. शत्रूच्या जहाजाला बाजू भिडवून त्यावर चढणं असा तो लढाईचा शब्द होता. उजळाईवाडीच्या विमानतळावर रांगेत उभं राहिल्यावर हे आठवलं की रांगेतली ढकलाढकली थोडी समजून घेता येते.

जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात. त्याचा ताऱ्याशी काही संबंध नाही. जुन्या जहाजांना सुकाणू मागे मध्यभागी नसायचं, उजव्या बाजूला एक मोठं वल्हं असायचं. ‘स्टिअर’ करायची ती बाजू, म्हणून स्टारबोर्ड. डाव्या बाजूला ‘लारबोर्ड’ म्हणत. वादळात कप्तान ओरडतोय आणि सुकाणूवाल्याला स्टारबोर्ड की लारबोर्ड कळत नाही, अशी कल्पना करा. शेवटी १८४४ साली ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून लारबोर्ड बंद केला आणि ‘पोर्ट’ हा शब्द आणला. शब्दांचा गोंधळ जीवावर बेततो तेव्हा माणसं परिभाषा ठरवायला बसतात. संशोधनात तो एवढा लवकर जीवावर बेतत नाही, म्हणून वर्षानुवर्षं चालून जातो.

फळीकडे परत येऊ. जुन्या इंग्रजीत फळीचाच एक अर्थ ढाल असाही होता, कारण ढाली लाकडाच्या. आणि गंमत बघा, संस्कृतात ‘फलक’ म्हणजे फळी आणि फलक म्हणजे ढालही. ना यांनी त्यांचं पाहिलं, ना त्यांनी यांचं. लाकूड तेच, गरज तीच, म्हणून अर्थही त्याच वाटेने गेला. आपली फळी आणि फळा त्या फलकाच्याच कुटुंबातले.

पण इथे एक सापळा आहे, आणि मी त्यात पडले होते. ‘कपबोर्ड’ म्हणजे मुळात कप ठेवायची फळी. मग मला वाटलं, आपलं ‘कपाट’ त्यावरूनच आलं असणार! कप-बोर्ड, कपाट; किती सरळ. एका मैत्रिणीला मोठ्या ऐटीत सांगितलंसुद्धा. तिचं संस्कृत पक्कं. ती म्हणाली, कपाट हा संस्कृत शब्द आहे, अर्थ दाराची फळी. केदारनाथचे कपाट उघडले असं दरवर्षी पेपरात वाचतेस ना? आणि आपल्या गावाकडचं ‘कवाड’ त्याच गोतावळ्यातलं. दोन शब्दांचा आवाज जुळणं हा पुरावा नसतो. आमच्या प्रयोगशाळेत दोन आलेखांचा आकार जुळला की एकाचं कारण दुसरा, असं म्हणायची जी घाई होते, तीच ही.

आता मुख्य गोष्ट. फळी चार पायांवर ठेवली की टेबल होतं, आणि टेबलाभोवती माणसं दोन कारणांनी बसतात. एक तर जेवायला, नाहीतर ठरवायला. इंग्रजीत बोर्डचे पुढचे जवळजवळ सगळे मोठे अर्थ या दोन कारणांतून निघाले. जेवणाच्या टेबलावरून बोर्ड म्हणजे जेवणच झालं. ‘बेड अँड बोर्ड’ म्हणजे झोपायची आणि जेवायची सोय. पैसे देऊन दुसऱ्याच्या घरी जेवून-राहून असणारा तो ‘बोर्डर’. सतराव्या शतकात ‘बोर्डिंग स्कूल’ हा शब्द इंग्रजीत दिसायला लागतो. आणि विचारविनिमयाच्या टेबलावरून बोर्ड म्हणजे त्याभोवती बसणारी समिती झाली.

मराठीतला ‘पाट’ घेऊन बघा, वाट तीच दिसते. पाट ही बसायची फळी. ‘पाटपाणी’ म्हटलं की जेवणाची तयारी. संस्कृत ‘पट्ट’ म्हणजे सपाट फळी, पत्रा, लेख कोरायची पट्टी. त्यातून ‘ताम्रपट’. लिहायची ‘पाटी’ त्यातलीच, आणि ‘पाटील’ हा शब्दही ‘पट्टकील’ या जुन्या पदनामावरून आला असं मानतात. म्हणजे आपल्याकडेही एक फांदी जेवणाकडे गेली आणि एक अधिकाराकडे. आमच्या घरातला घोटाळा नेमका या दोन फांद्यांमधला होता, पण ते मला फार उशिरा कळलं.

(ब्रेडबोर्डचं राहिलंच. रेडिओचा छंद नवा होता तेव्हा हौशी लोक घरातली पाव कापायची लाकडी फळी घेऊन तिच्यावर खिळे ठोकून, तारा गुंडाळून सर्किट जमवायचे. फळी गेली, प्लॅस्टिक आलं, पावाचं नाव राहिलं. पुढच्या वेळी व्हायवात कुणी विचारलं तर सांगा. गुण मिळणार नाहीत, पण परीक्षक हसेल.)

अधिकाराची फांदी हिंदुस्थानात आधी पोचली. १७८४ साली ब्रिटिश संसदेने कंपनीच्या कारभारावर नजर ठेवायला ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ नेमलं. मुंबईत १८४० साली ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ आलं. जगन्नाथ शंकरशेट त्याचे एक सभासद. १८५४ चा शिक्षणाचा तो प्रसिद्ध खलिता ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते चार्ल्स वूड त्या वेळी बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष होते. म्हणजे आडनाव लाकूड आणि हुद्दा फळीचा. त्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबईचं शिक्षण बोर्ड गेलं आणि सरकारी शिक्षणखातं आलं. मग लॉर्ड रिपनच्या धोरणानंतर १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं उभी राहिली. रस्ते, शाळा, दवाखाने, विहिरी अशी कामं त्यांच्याकडे. खेड्यातल्या माणसाला ‘बोर्ड’ या शब्दाची ओळख झाली ती मुख्यतः या लोकल बोर्डामुळे, आणि लोकल बोर्डाचा मेंबर म्हणजे गावात केवढा मान! १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि लोकल बोर्ड इतिहासजमा झालं. दहावीचं बोर्ड त्यानंतर लोकांच्या तोंडी बसलं. महाराष्ट्राचं माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ ला स्थापन झालं. कोल्हापूर हा त्याचा एक विभाग. माझ्या चुलतबहिणीचं बोर्ड ते हे.

हे सगळं जुळवून झाल्यावर मी एका कागदावर काका आणि चुलतबहीण यांचे दावे लिहिले आणि प्रत्येकासमोर तारखा मांडल्या. पणजोबा १९४६ साली गेले, वयाच्या छत्तिशीत. आमचं गाव भुदरगडातलं.

चुलतबहिणीचा दावा लगेच पडला. पणजोबांच्या शाळेच्या काळात मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घ्यायचं. बोर्ड नावाचं काही नव्हतंच, तर त्यात पहिलं कोण येणार?

काकांचा दावा मात्र सहज पडणारा नव्हता. छत्तीस वर्षांचा माणूस लोकल बोर्डाचा मेंबर असू शकतो. पण अडचण भूगोलाची होती. भुदरगड तेव्हा कोल्हापूर संस्थानात होतं. १८८४ चा मुंबईचा कायदा ब्रिटिश मुलखासाठी. संस्थानात दरबाराची हुकमत. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ ला, म्हणजे पणजोबा गेल्यावर तीन वर्षांनी. जिल्हा लोकल बोर्डाचे सभासद होण्यासाठी त्यांना एकतर बेळगाव-साताऱ्याकडे जाऊन राहावं लागलं असतं, नाहीतर तीन वर्षं जास्त जगावं लागलं असतं.

तुम्ही म्हणाल, मग हे काकांना चार वर्षांपूर्वी कसं सुचलं नाही? कारण आपण सगळे नकाशा आजचा धरून चालतो. कोल्हापूर जिल्हा कायमच जिल्हा होता असं मनात कुठेतरी बसलेलं असतं. शब्दाचा अर्थ तपासताना तो शब्द त्या साली त्या हद्दीत चालत होता का, हे बघावं लागतं, आणि हद्दी शब्दांपेक्षा वेगाने बदलतात.

मग कुठलं बोर्ड?

उत्तर रोज डोळ्यांसमोर होतं. दसरा चौकातून मी आठवड्यातून चारदा जाते. तिथे आजूबाजूला जुन्या दगडी-चुन्याच्या इमारती आहेत आणि त्यांना अख्खं कोल्हापूर एकाच शब्दाने ओळखतं : बोर्डिंग. अमुक बोर्डिंगसमोर थांब, तमुक बोर्डिंगच्या मैदानावर मॅच आहे. इंग्रजाला ‘बोर्डिंग’ म्हटलं तर तो विचारेल, कसलं? फळ्या ठोकणं, की जहाजावर चढणं, की पैसे देऊन जेवणं? त्याच्याकडे पूर्ण शब्द ‘बोर्डिंग हाउस’. कोल्हापूरने ‘हाउस’ गाळलं, उरलेल्या शब्दाची इमारत केली आणि तिला मराठी प्रत्यय लावले. बोर्डिंगात राहिला, बोर्डिंगात शिकला.

या शब्दामागची गोष्ट तुम्ही शाळेत थोडक्यात वाचली असेल. २ एप्रिल १८९४ ला शाहू महाराज गादीवर आले. खेड्यातल्या मुलाने पुढे शिकायचं तर कोल्हापूरला यायचं, हे ठरलेलं. शाळा होती, कॉलेज होतं. पण रात्री झोपायचं कुठे आणि त्याहून अवघड प्रश्न, जेवायचं कुठे? आज आपण ‘मेस लावली’ म्हणतो आणि संपलं. तेव्हा जेवणाला जात होती. कुणाच्या पंक्तीला कोण बसणार, कुणाच्या हातचं कोण खाणार, पाणी कोण वाढणार, हे पक्कं ठरलेलं. महाराजांनी आधी राजाराम कॉलेजला जोडून सगळ्या जातींसाठी वसतिगृह काढून पाहिलं, पण त्यात सगळ्या जातींची मुलं नांदली नाहीत. मग त्यांनी वेगळी वाट घेतली. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांसाठी बोर्डिंग काढावं, दरबार जागा, इमारत, पैसा यांची मदत करील. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम, पुढच्या साली लिंगायत. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. हे नाव तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीचं. नंतर ही यादी वाढतच गेली. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

जातवार बोर्डिंगांवर तेव्हाही टीका झाली, आजही होते. जातीची भिंत मोडायची सोडून तिलाच छप्पर घातलं, अशी. मला ही टीका पूर्ण चुकीची वाटत नाही. पण शब्दाच्या बाजूने विचार केला की वेगळं काही दिसतं. ‘बोर्ड’ या शब्दाचा जेवणाचा अर्थ इंग्लंडमध्ये सोयीचा होता. कोल्हापुरात तोच अर्थ सगळ्या शिक्षणाची किल्ली होता. मुलाला शाळेबाहेर ठेवत होती ती फी नव्हती, पंगत होती. १९१७ मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते गावातल्या शाळेपुरतं भागलं. पण गाव सोडून शहरात आलेल्या पोराला आधी ताट लागत होतं. म्हणून नाव शाळेवरून किंवा झोपण्यावरून पडलं नाही, जेवणावरून पडलं.

याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहिलेले भाऊराव पाटील पुढे कर्मवीर झाले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह. तिथे त्यांनी कोल्हापूरच्या नमुन्यातली एकच गोष्ट बदलली, पण तीच सगळ्यांत अवघड : सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एका पंगतीला. मुलं स्वतः राबायची आणि शिकायची. पैसा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले आणि वसतिगृहाला नाव मिळालं छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस. म्हणजे कोल्हापूरच्या राजाचं नाव आणि कोल्हापुरात रुळलेला शब्द, दोन्ही साताऱ्याला गेले.

आता आमच्या घरी.

गावाकडच्या माळ्यावर पणजोबांची एक ट्रंक आहे. तिच्यात एक चोपडी सापडली. चोपडी मोडीत. मी मोडीचा वर्ग केला होता, हौस म्हणून. तेव्हा घरचे म्हणाले होते, फिजिक्सवालीला हे कशाला? मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, अनुस्वार गळतात, त्यामुळे पहिल्या दिवशी मला दोन ओळी लागल्या, दुसऱ्या दिवशी चार. १९२४ च्या जूनमधलं एक पान आहे. वर लिहिलंय ‘बोर्डीग’. खाली यादी : ताट एक, वाटी एक, तांब्या एक, घोंगडं एक, धोतर दोन. पुढे एसटीच्या आधीच्या काळातला बैलगाडीचा खर्च. आणि शेवटी, अक्षर बदलून, बहुतेक त्यांच्या वडिलांचं : पीठ नेऊ नये, तेथे मिळते.

चौदा वर्षांचा मुलगा. लोकल बोर्डाच्या मीटिंगला कुणी ताट-वाटी घेऊन जात नाही.

मग बाकीचं आपोआप उलगडलं. पणजोबा गेले तेव्हा आजोबा अकरा वर्षांचे. वडिलांबद्दल त्यांनी जे ऐकलं ते आईकडून, अर्धवट. ‘बोर्डिंगात होते’चं बोलण्यात ‘बोर्डात होते’ झालं. १९४९ नंतर गावात खरंच लोकल बोर्ड आलं, मेंबर आले, त्यांच्या गाड्या आल्या. आजोबांच्या तरुणपणी बोर्ड म्हटलं की लोकांना तेच डोळ्यांसमोर येई. काकांच्या पिढीत ‘बोर्डात’चं ‘बोर्डावर’ झालं आणि स्मरणिकेत ‘सन्माननीय सभासद’. इंग्रजीला जेवणाच्या टेबलावरून समितीच्या टेबलापर्यंत यायला शतकं लागली. आमच्या भावकीने तो प्रवास तीन पिढ्यांत उरकला. कुणी खोटं बोललं नाही. प्रत्येकाने शब्द आपल्या काळातल्या वजनाने तोलला, इतकंच.

काकांना सांगायचं मी महिनाभर टाळलं. मग एका रविवारी चोपडीचे फोटो आणि तारखांचा कागद घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. विलीनीकरणाची तारीख दोनदा विचारली. मग म्हणाले, ‘म्हंजे आमचा आजा दुसऱ्याच्या भाकरीवर वाढला, आसं छापायचं व्हय आता?’

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. प्रबंधात चुकीचा आलेख काढून टाकला की काम भागतं. इथे मी एका माणसाच्या आजोबांची खुर्ची काढून घेत होते. मी एवढंच म्हणाले की त्यांच्याआधी आपल्या घरात कुणालाच अक्षर येत नव्हतं का? ते म्हणाले, त्यांच्या वडलांना थोडंफार येत होतं, हिशेबापुरतं. मग गप्प झाले. काकूंनी चहा आणला, तो त्यांनी तसाच ठेवला. मी फोटो पुढे सरकवला आणि शेवटची ओळ वाचून दाखवली. पीठ नेऊ नये, तेथे मिळते. काकांनी मला ती परत वाचायला लावली, मग चष्मा काढून स्वतः त्या मोडी अक्षरांकडे बघत बसले, जरी त्यांना मोडी येत नाही.

‘ते ताट आसंल बघ अजून माळ्यावर,’ बऱ्याच वेळाने म्हणाले. ‘पितळंचं. काठावर नाव घातलंय. आई त्यात कुणाला जेवू द्यायची न्हाई.’

पुढचं काम अजून राहिलंय. चोपडीतलं पान म्हणजे घरचा कागद. त्या वर्षीच्या प्रवेशाच्या रजिस्टरात नाव दिसेपर्यंत मी ‘बोर्डिंगात होते’ हेही पेन्सिलीनेच लिहून ठेवलंय. कुठल्या बोर्डिंगात ते इथे मुद्दाम लिहीत नाही. चौकशी केली, जुनी रजिस्टरं एका कपाटात आहेत म्हणाले, किल्ली ज्यांच्याकडे आहे ते सोमवारी भेटतात. काकांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, थांब, मी पण येतो, गाडी काढू नको, खासबागेपाशी उभी राहा.